फुटलेल्या ताऱ्याच्या चार प्रती

सुचित्रामावशींचा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात सत्कार ठरला होता. तो कधी ठरलाच नव्हता, असं मंडळ आता म्हणतं. आपणही तसंच समजू.

त्या रविवारी त्यांची वेधशाळेत काम करणारी भाची पद्मिनी त्यांना आपण शोधलेला तारा दाखवत होती. स्क्रीनवर आधी काळोख, मग एक ठिपका, मग अख्खी दीर्घिका फिकी पडेल एवढा उजेड.

"हा फुटला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, मावशी. उजेड आत्ता पोचला. आणि त्या रात्री बाकी सगळीकडे ढग. फक्त माझ्या कॅमेऱ्याला दिसला."

मावशींनी नकळत हात जोडले.

"उद्या जर्नलवाल्यांना मूळ फोटो द्यायचेत. ते नसले तर शोध माझा, हे कोण मानणार?"

"नसायला काय झालं?" तिचा नवरा नकुल म्हणाला. डेटा सांभाळणं हीच त्याची नोकरी. "चार प्रती, चार राज्यांत. एक सडली तर बाकीच्या तिला दुरुस्त करतात. आणि आम्ही दोघांनी ओके केल्याशिवाय काही हलत नाही."

"लॅपटॉपवर एखादी?"

"छे. लॅपटॉपचा काय भरवसा? प्रती सांभाळणारं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, मावशी. कुणीही उघडून बघावं, सुधारावं."

"माहितीये. मराठी भाषांतर मीच केलंय," मावशी म्हणाल्या. नागपुरात रिटायर झाल्यावर त्यांनी ते हौसेने, फुकट केलं होतं.

"काय सांगता." नकुलने लगेच भाषा बदलली. "आज साठवणीची मुदत संपतेय. चल पद्मिनी, मराठीतच वाढवू."

लाल बटणावर ठसठशीत लिहिलं होतं: वाढवा. दोघांनी आपापले पासवर्ड टाकले.

'चारही प्रती वाढवल्या.'

मावशींना गलबलून आलं.

"एवढा देखणा होता गं," त्या म्हणाल्या. "मन मोठं लागतं बाई."

"होता म्हणजे?"

"मग काय. जिवापाड जपलेल्या गोष्टीला 'डिलीट' कसं म्हणायचं? आपण बांगडी फुटली म्हणतो का? वाढवली म्हणतो."

सोमवारी पद्मिनीने वेधशाळेमार्फत अर्ज पाठवला: 'आपल्या स्फोटाच्या नोंदी तांत्रिक कारणास्तव उपलब्ध नसल्याने, सदर ताऱ्याने आपल्या सवडीने पुन्हा एकदा फुटावे, ही नम्र विनंती.'