चिनी टाका

"दोरा कापला, तर परत तसाच शिवता येईल?" गुणवंतनं विचारलं.

"भोकं जुनीच घेईन. कोणाले समजणार नाही," भानुमतीबाई म्हणाल्या.

तपासणीचं रजिस्टर त्यांच्यापुढे पाटावर होतं. लढाई सुरू झाल्यापासून तोफगोळ्यांच्या कारखान्याची रजिस्टरं गोहलपुरच्या याच खोलीत शिवली जात. हा टाका बाईंच्या जिल्दसाज नवऱ्यानं कलकत्त्याला एका चिनी कारागिराकडून शिकून आणला होता. प्रत्येक ताव मधोमध दुमडायचा, घडी बाहेरच्या बाजूला, मोकळ्या कडा पाठीकडं. मग सगळ्या गठ्ठ्यातून आरपार पाच भोकं आणि एकच दोरा. एक पान फाडलं तरी टाका सैल पडे. म्हणूनच कारखान्याचा त्यावर भरवसा होता.

"घडीच्या आतली बाजू कोरी काहून ठेवता?"

"पातळ कागद. शाई पलीकडं फुटते. आत कोणी पाहत नाही, साहेब."

गुणवंतला एकच पान बदलायचं होतं. फेब्रुवारीत परीक्षक रत्नाकरनं तोफगोळ्यांचा एक लॉट नापास केला होता. कारखान्यातल्या शॉपचा कारभार पाहणाऱ्या चार्जमन गुणवंतनं त्याखाली 'तातडीची मागणी, माल पाठवा' असं लिहून सही केली होती. आता आसामात तोफ फुटली होती आणि उद्या चौकशी होती. त्यानं आणलेल्या नव्या पानावर तो लॉट पास होता, रत्नाकरच्या अक्षरात, रत्नाकरच्याच सहीनं.

"अक्षर हुबेहूब है," बाई म्हणाल्या.

"आठवडाभर गिरवून राहिलो. साऱ्या शॉपसमोर रत्नाकर मले म्हणे, गोळे भरनं तुमचं काम नाही, घरी जाऊन लाडू वळा. आता वळंल तो जेलात."

भिंतीवर खाकी टोपीतल्या पोराचा फोटो होता. गुणवंतनं बोलायचं म्हणून विचारलं, "मुलगा फौजेत? खबर येते?"

"तार आली होती."

"अच्छा."

बाईंनी दोरा कापला, जुनं पान बाजूला काढलं. "रत्नाकररावाले काय होईल?"

"फाशी नाही, तर जन्मठेप."

"बायको है त्याले."

"तुम्ही शिवा, बाई."

"तोफ फुटून किती गेले?"

"चार. लढाई है. जातातच माणसं."

"कधी?"

"चौदा मार्चले."

बाईंचा दोरा सुईच्या नाकात गेला नाही. "डोळे गेले," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा ओवला.

"जुनं पान जाळा." गुणवंत नवं पान उजेडात धरून शेवटचं वाचत होता. त्यानं मान वळवली तेव्हा खळीच्या भांड्याखाली कागद पेटला होता. राख होईपर्यंत तो पाहत राहिला. मग नवं पान बाईंच्या हाती देऊन दारात विडी ओढायला गेला.

शिवून झाल्यावर त्यानं पान चाचपलं. "जाड लागून राहिलं."

"खळ ओली है. सुकली की बसंल. आणि ही लाल रेशमाची खूण ठेवली, चौकशीच्या साहेबांले शोधायचा त्रास नको."

गुणवंत पहिल्यांदाच हसला. "डोकं है तुम्हाले."

चौकशीत मेजरसाहेबांनी लाल खुणेवरच रजिस्टर उघडलं. रत्नाकरनं पान दोनदा वाचलं.

"सही माझ्यासारखीच आहे," तो म्हणाला. "पण हे मी लिहिलं नाही."

गुणवंत बुटांकडं पाहत उभा राहिला.

साहेबांनी पान चिमटीत धरलं. मग पुढचं धरलं. मग पुन्हा तेच. रजिस्टर उभं करून त्यांनी घडीत वरून फुंकर घातली, आत पाहिलं आणि टेबलावरची सुरी उचलली.

घडी चिरली. आत जुनं पान होतं. रत्नाकरचं 'नापास', खाली गुणवंतचा हुकूम आणि सही. पानाला खळीनं चिकटवलेली लष्कराची तार होती: गनर विनय, चौदा मार्च, स्वतःच्याच तोफेच्या स्फोटात मृत्यू. वर पत्ता होता, भानुमतीबाई, जिल्दसाज, गोहलपूर.