सरदाराची आंघोळ

प्रदर्शनाच्या सकाळी शालनने सासऱ्यांचा, अंबादासमामांचा, पैदाशीचा बोकड सरदार शाम्पूने, अगदी शिंगांमागे घासघासून धुतला. काळे केस लखलखले, अंगाला गुलाबाचा वास सुटला. भर चौकात मिशी उतरवल्यासारखा सरदार तिच्याकडे पाहत राहिला.

मैदानावर पंचांची रीत साधी होती. बोकड शेळ्यांच्या कुंपणासमोरून फिरवायचा आणि शेळ्यांचं मत घ्यायचं. शेळ्यांनी सरदाराला हुंगलं आणि एकमताने पाठ फिरवली. ढाल आणतोच म्हणून गावभर सांगून आलेल्या अंबादासमामांचा चेहरा उतरला.

"शिंगांमागे धुतलंत का?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं. "वासाच्या ग्रंथी तिथंच असतात. बोकडाची सगळी इभ्रत तेवढीच!"

शालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामंजी, मीच धुतला. फार वास मारत होता."

"त्याचं कामच ते गं, पोरी."

सरदाराने मात्र कुणाच्या मदतीची वाट पाहिली नाही. त्याने मान खाली वळवली आणि पंचांच्या साक्षीने स्वतःच्याच दाढीवर यथासांग मुतला. मग ओठ वर करून, छाती काढून, खानदानी इसमासारखा उभा राहिला. तो उग्र वास पोचताच शेळ्या एकमेकींना ढकलत कुंपणाशी धावल्या. पंचांनी नाकाला रुमाल लावून ढाल दिली.

शालनने पदर नाकाशी धरला, पण नजर काही हटेना.

"मामंजी, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुमच्या लेकात याच्या निम्मी हिंमत असती, तर मला बघायला आले तेव्हा निदान मान तरी वर केली असती!"