अनंत सरांची तोंडी परीक्षा

मानवी शरीरात घाबरण्यासारखं काहीही नाही, असं अनंत सर बुलढाण्याच्या शाळेत चौतीस वर्षं ठणकावून शिकवत आले. आज कमरेच्या हाडातून मज्जा काढायची सुई पाहिली आणि त्यांनी वर केलेला सदरा पुन्हा खोचला.

समोर डॉक्टर म्हणून प्रेरणा उभी होती. रोहिणखेडच्या एसटीपायी सरांचा पहिला तास रोज बुडवणारी त्यांचीच विद्यार्थिनी.

"आधी तोंडी परीक्षा," सर म्हणाले. "मायलोमा म्हणजे काय?"

"मज्जेचा कॅन्सर, सर. मज्जेत रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातली एक बिघडते अन् स्वतःसारख्याच पेशी वाढवत सुटते. त्या लढत तर नाहीतच, वरून जागा अडवतात, हाडं पोखरतात. तुमची पाठ त्याच्यानंच दुखते का, ते या तपासणीत समजते."

"अन् असला, तर बरा होते काय?"

"मुळासकट सहसा जात नाही, सर. पण औषधानं वर्षानुवर्षं दाबून ठेवता येते."

सरांनी बोटानं हवेतच बरोबरची खूण केली. मग नर्सकडे पाहून छाती फुगवली. "पैकीच्या पैकी. माही विद्यार्थिनी आहे ही." आणि आपणहून कुशीवर वळले.

"प्रेरणा."

"बोला, सर."

"मी ओरडलो, तर वर्गाच्या ग्रुपवर टाकू नको."