लाल टिकली

पाचगणीतल्या त्याच्या छोट्या गॅलरीत पर्यटकांचे घोळके येत, वाइनचे घोट घेत त्यानं काढलेली चित्रं बघत आणि पुढच्या गॅलरीकडे निघून जात. सीझन संपत आला तरी एकही चित्र खपलं नव्हतं. म्हणून आज त्यानं बायकोची लाल टिकली विहिरीच्या चित्राखाली चिकटवली. लाल ठिपका म्हणजे विकलं गेलेलं चित्र. एक गेलेलं दिसलं, की बाकीच्यांनाही गिऱ्हाईक मिळतं.

दुपारच्या घोळक्यात त्याचे शाळेतले चित्रकलेचे सर निघाले. हातातला ग्लास तसाच भरलेला.

"आपल्या शाळेमागची विहीर! पेपरात फोटो बघून हिच्यासाठीच आलो रे. घरी भिंतसुद्धा मोकळी करून ठेवलीय." मग त्यांना टिकली दिसली. "गेलं का?"

सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"हो सर. सकाळीच."

सरांचा चेहरा क्षणभर पडला, मग खुलला. "माझा विद्यार्थी आहे हा!" त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "एरवी मी वाइनला शिवत नाही, पण आज तुझ्यासाठी," म्हणत त्यांनी तोंड वाकडं करून घोट घेतला.

टाळ्या वाजल्या. तो मान खाली घालून, टिकली झाकत चित्रासमोर उभा राहिला.

"जरा बाजूला सरक ना," सर म्हणाले. "एकदा डोळे भरून बघू दे."