दगडाचा खेळ

“पोर बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल. जा तू,” मेलानिया म्हणाली आणि दार लोटू लागली.

यानीराने उंबऱ्यात पाय रोवला. खांद्यावरच्या पिशवीत सुके दाणे भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, चिंध्यांची बाहुली होती, पुठ्ठ्यावर चिकटवलेली गाईगुरांची चित्रं होती. घरोघरी जाऊन तान्ह्या-रांगत्या मुलांना खेळवायचं, खेळता खेळता ऐकायला-बोलायला लावायचं, हे तिचं सरकारी काम. उसाच्या मळ्यांमधल्या या वस्तीत तिच्याकडे अकरा घरं होती. दहा घरांत तिला कॉफी मिळायची. अकराव्यात कुणी बस म्हणत नसे.

ती आपली आपणच जमिनीवर बसली.

मेलानियाची नात रोसलिन अडीच वर्षांची होती. यानीराने पाठीमागे बाटली खुळखुळवली की तिची मान गर्रकन वळे. म्हणजे कान ठणठणीत होते. गाय कुठली विचारलं की गाईवरच बोट पडे. म्हणजे समजही होती. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. कधी कधी ओठ उघडत, आणि आजीकडे बघून पुन्हा मिटत.

“तुम्ही बोलता का तिच्याशी, आजी?”

“हो.”

“काय बोलता?”

“जेव. झोप.”

तिची आई कुठे, असंही यानीराने विचारलं. “राजधानीत. काम,” एवढंच उत्तर आलं.

कुंपणापलीकडे शेजारीण मिलेदी कपडे वाळत घालत होती. तिचे कान कायम या घराकडे. त्या दिवशी यानीरा बाहेर पडली तशी ती म्हणाली, “कशाला घसा फोडतेस, बाई? हे लोक असेच घुमे. आणि मुळात इथले आहेत की नाहीत, देव जाणे.”

यानीरा थांबली. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं की तिच्या यादीत फक्त इथली मुलं आहेत. “सीमेपलीकडचं निघालं तर मी स्वतः कळवीन.”

मेलानिया दारातच उभी होती. पुढच्या मंगळवारी तिने दार उघडलंच नाही.

त्यापुढच्या मंगळवारी फटीएवढं उघडलं. मिलेदी आपल्या अंगणात तांदूळ निवडत होती. यानीरा आत न येता तिथूनच बोलली. एवढ्या वयात एकही शब्द नसेल तर शहरातल्या इस्पितळात पाठवावं लागतं, नियमच आहे.

“तिथे कागद मागतात?” मेलानियाने विचारलं.

“मागतात. आईचे, आजीचे, सगळ्यांचे.”

“एक आठवडा दे,” मेलानिया म्हणाली.

यानीरा गेली. मेलानियाने कडी लावली. आणि कडीचा आवाज होताच रोसलिनचं तोंड सुरू झालं. बाई गेली का, आज बाटल्या का नाही आणल्या, गाय कुठे राहते, आई कधी येणार. एका दमात, आणि सगळं हैतीच्या भाषेत. घरात दुसरी भाषा नव्हतीच; इथली तिला शेजारच्यांची ऐकून कळायची तेवढीच.

तीन महिन्यांपूर्वी पोरीची आई बाजारातून येताना कागद नाहीत म्हणून पकडली गेली आणि ट्रकमध्ये घालून सीमेपार हैतीत सोडली गेली. त्या दिवसापासून मेलानियाने नातीला एक खेळ शिकवला होता. दारावर थाप पडली की दगड व्हायचं. दगड बोलत नाही. जिंकलं की उसाचं कांडं. रोसलिन एकदाही हरली नव्हती. मेलानिया स्वतः या देशात चाळीस वर्षं राहिली होती, पण इथल्या भाषेतला ‘र’ तिच्या घशात अजून अडकायचा. म्हणून ती चारचौघांत दोन शब्दांच्या वर बोलत नसे. लोक तिला तुसडी म्हणत. तिला ते बरंच वाटे.

त्या आठवड्यात तिने उलटं शिकवायला घेतलं. इथला एक शब्द, फक्त एक. आग्वा, म्हणजे पाणी. पोरगी दिवसभर म्हणायची. पण मेलानियाने बाहेरून थाप मारून पाहिली की दगड. पाचव्यांदा दगड झाली तेव्हा मेलानियाने तिला धपाटा घातला. रोसलिन रडली, तीही आवाज न करता. मग मेलानिया चुलीपाशी जाऊन बसली आणि तिला भाताकडे बघवेना.

मंगळवार आला. यानीरा जमिनीवर बसली.

“सांग,” मेलानिया नातीला म्हणाली. “सांग.”

दगड.

यानीराने पिशवीला हात लावला नाही. डोक्याचा रुमाल सोडला आणि चेहऱ्यावर टाकला. “यानीरा कुठे गेली?” पोर गप्प. तिने रुमाल काढला, पुन्हा टाकला. पोर जरा सरकली. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा रोसलिन रांगत गेली, दोन्ही हातांनी रुमाल ओढला आणि खिदळत ओरडली, “में ली!”

ही बघ, सापडली. कुठली भाषा, हे या वस्तीत शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मेलानियाने नातीला हिसकून पोटाशी धरलं. मला ने, हिला नको, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि आपण कुठल्या भाषेत म्हणतोय याचं तिला भान राहिलं नव्हतं.

यानीरा उठली. दारातून बाहेर बघितलं. मिलेदीचं अंगण रिकामं होतं. तिने दार ओढून घेतलं, आतून कडी लावली आणि परत येऊन त्या दोघींसमोर बसली. रुमाल चेहऱ्यावर ओढला आणि पोरीच्याच भाषेत, पोरीच्याच हेलात, हलक्या आवाजात तेच विचारलं, कुठे गेली म्हणून, “कोते ली?”