खांद्यावरचा हात

समीक्षानं दोन फोन काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले. "हा वाला बॅटरीत चांगला, आजी. हा कॅमेऱ्यात. तुमाले कोनता पायजे?"

आशालताबाईंनी पिशवीतून फ्रेमसकट एक फोटो काढला. "ज्याच्यातून मानूस साफ निघून जाईल, तो."

समीक्षा हसली. मेन रोडवरच्या तिच्या दुकानात म्हातारी माणसं फोन घ्यायला आली, की अक्षरं मोठी कशी करायची आणि व्हिडिओ कॉलमध्ये तोंड अर्धंच काहून दिसते, एवढंच विचारत. तीही न कंटाळता सांगे, की बॅटरी पार संपेपर्यंत थांबू नका, फोटो धुरकट आला तर आधी कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा. आशालताबाईंचा जुना फोन अडकत अडकत चालायचा, म्हणून हैदराबादेहून मुलगा चिन्मय नव्यासाठी मागं लागला होता. त्यांनी कानाडोळा केला होता. पण फोटोतलं नको असलेलं माणूस आता फोनवर पुसता येतं, हे समीक्षाच्या तोंडून ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

फोटो उकवा गावातला होता. त्र्यंबकराव तेव्हा तिथं जंगल खात्यात होते. बांबूच्या कुंपणापुढं ते उभे, आणि शेजारी दोघी बहिणी, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. थोरली शांता, त्यांची बायको. धाकटी आशालता, सुटीत बहिणीकडे राहायला आलेली. पुढच्याच पावसाळ्यात शांता तापानं गेली, आणि वर्षाच्या आत वडिलांनी धाकटीला त्याच घरात दिलं.

लग्नाच्या दिवशी सासूनं मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक बांधला. सवतीचा टाक. गेलेल्या पहिलीनं दुसरीला छळू नये म्हणून तो गळ्यात वागवायचा, सणाला आधी त्याला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं आणि मग नेसायचं. आशालताबाईंनी सगळं केलं. तरी शांता घरातून हलली नाही. डब्यांवर आणि परातीवर तिचंच नाव कोरलेलं. आशालताबाईंच्या हातचं वरण पहिल्यांदा ताटात पडलं, तेव्हा त्र्यंबकराव घास तोंडात धरून थांबले होते, दुसऱ्याच कुणाची चव शोधत असल्यासारखे. पन्नास वर्षं त्या घरात वावरताना आशालताबाईंना दारामागं कुणी उभं असल्यासारखं वाटे. दचकायची सवय मोडली, वाटणं मोडलं नाही.

आता तर त्र्यंबकरावांच्या डोक्यातून नावं, वार, रस्ते गळत चालले होते. जेवायला बसले की समोरच्या भिंतीवरच्या या फोटोवर नजर जाई, आणि ते ताट सरकवत. "हे काहून येऊन राह्यली इथं? काढा हिले." आशालताबाईंनी फोटो उतरवला, तर घरभर तो शोधत फिरले, कपाटं उपसली, पाण्याचा घोटही घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात भास होतात, गेलेलं माणूस समोर दिसलं की जीव घाबरतो. वाद घालू नका, कसंही करून पोटात अन्न जाऊ द्या. असेच उपाशी राहिले तर हा हिवाळा कठीण आहे.

फोटो हवा होता. त्यातली एक बाई नको होती.

"कोनाले काढू?" समीक्षानं विचारलं.

आशालताबाईंनी बोट टेकवलं. समीक्षानं फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पक्का ना, आजी? बाद में मत बोलना."

"रडाचं ते रडून झालं. काढ."

समीक्षानं दोन्ही फोनवर त्या फोटोचा फोटो घेतला. पहिल्या फोननं बाई नेली, पण तिच्या जागी धुरकट डाग ठेवला, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा. "हे तर अजून भूत दिसून राह्यलं," समीक्षा पुटपुटली आणि दुसरा फोन घेतला. या फोनचं काम सफाईचं होतं. त्यानं एकेक बांबू जोडून मागचं कुंपण पुरं केलं, सावलीसुद्धा उचलली. राहिला फक्त हात. मनगटाशी संपलेला, दुसरीच्या खांद्यावर टेकलेला.

समीक्षानं तो पुसून पाहिला. हाताबरोबर खांदाही गेला, मान वाकडी झाली. तिनं ते पुन्हा होतं तसं केलं. "हा नाही निघत, आजी. हात काढला तर दुसरी बी बिघडते."

"राहू दे मंग. तिले बिघडवू नको."

हाच फोन घ्यायचं ठरलं. समीक्षानं तिथंच मोठी प्रत छापून दिली. जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट शिकवली, की फोनमधलं पुसलेलं एकदम जात नाही, आधी कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडते, मन बदललं तर तिथून वापस आणता येते.

"तिथून बी काढ," आशालताबाई म्हणाल्या.

दुपारी त्याच फ्रेममध्ये, त्याच खिळ्यावर फोटो लागला. आशालताबाईंनी ताट वाढलं आणि गळ्यातला टाक मुठीत धरून बाजूला बसल्या. त्र्यंबकरावांनी मान वर केली. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला. वरण पुन्हा मागितलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता.

"शांता," ते फोटोकडे बघून म्हणाले. "आज बरी एकटी सापडली."

आशालताबाई वरण वाढायला वाकल्या. त्र्यंबकरावांचा हात ताटावर थांबला.

"बाई, शांताच्या खांद्यावर हा हात कोनाचा वो?"

आशालताबाईंनी वाटी खाली ठेवली आणि आपला हात पदराखाली घेतला.