अनुषा अक्कांची शिकवणी

"अक्का, सरकारी घराच्या अर्जाचा उद्या शेवटचा दिवस. या एआयला विचारलं मला घर मिळेल का, तर नुसतं पुराण सांगतंय," स्वयंपाकाच्या ठकुबाईनं फोन पुढं केला.

राजाजीनगरातल्या मालकीणबाई, अनुषा, हसल्या. "तुम्हा लोकांना धड विचारताच येत नाही. कुठं राहतेस, किती वर्षं, कुठला कागद अडलाय, सगळं खरं सांग. मग विचार."

"सगळं सांगू?"

"अगं, लाजतेस काय? बोल!"

ठकुबाईनं फोन तोंडाशी धरला.



"मी अनुषा अक्कांच्या मागच्या खोलीत नऊ वर्षं भाड्यानं राहते. अक्का भाडं घेतात, पण भाडेकरार लिहून देत नाहीत. त्याच्याशिवाय माझा अर्ज बाद होतोय. अक्कांची तक्रार कुठं करू?"